डावी भुवई हळदीची, उजवी कुंकवाची

माझे गुरू तीन. एक न्यूयॉर्कचा, एक लंडनची, एक पॅरिसचा. तिघेही जगातल्या बड्या फॅशनवाल्यांसाठी पोरींचे चेहरे रंगवायचे, आणि आपली एक पट्टशिष्या तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहते याची तिघांनाही गंधवार्ता नव्हती. ती असती तर तिघांनी आपापले ब्रश आपापल्या गावच्या नदीत सोडून दिले असते आणि भज्यांची गाडी टाकली असती.

ती नव्वदीची वर्षं. देशाने दारं उघडली असं पेपरात रोज यायचं. आमच्या गल्लीत देश उघडला तो गच्चीवरून. केबलवाल्याने एका काळ्या वायरीने अख्खी गल्ली अशी शिवून काढली होती, की ह्या टोकाला कुणी वाळत घातलेली साडी ओढली तर त्या टोकाचा टीव्ही जमिनीवर यावा. त्या वायरीतून सगळं जग आमच्या घरात आलं. आपल्या देशाच्या मुली जगात सुंदर ठरल्या, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक मुलीला वाटलं, आता पुढचा मुकुट आपला. मला मुकुटाचं काही नव्हतं. माझा डोळा मुकुटवालीच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर होता. काळा सदरा, कमरेला ब्रशांचा पट्टा, तोंडावर असा भाव की बाई सुंदर आहे ती माझ्यामुळे, देवाचा यात संबंध नाही.

न्यूयॉर्कचा तो टकला होता. त्याचं म्हणणं, कातडी ही कातडीसारखी दिसली पाहिजे. आमच्या गल्लीत हे कुणाला पटलं नसतं. आमच्याकडे पाउडर अशी थापायची पद्धत, की चेहरा एका गावचा आणि मान दुसऱ्या गावची वाटावी. लंडनची बाई ब्रशाला हातच लावायची नाही. बोटांनी रंग लावायची, ताटातलं पिठलं निपटून घ्यावं तशी. आणि पॅरिसचा तो शेंडीवाला. ती शेंडी फॅशनची होती, पण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टीव्हीवर त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे कुठल्या मठाचे?" हा शेंडीवाला माझा सगळ्यात लाडका. तो मुलीच्या भुवया ओल्या साबणाने चापून कपाळाला चिकटवून टाकायचा, वर रंग फासायचा, आणि मग त्या सपाट कपाळावर त्याला वाटेल तिथे नवी भुवई काढायचा. देवाने दिलेली भुवई पुसून आपली काढायची! एवढी हिंमत मी तोवर कुणात पाहिली नव्हती, केबलवाल्यातसुद्धा नाही.

राजवाडा बघायला येणारे गोरे लोक मासिकं मागे टाकून जायचे. ती रद्दीच्या दुकानात यायची आणि तिथून माझ्या उशाखाली. त्यांतून मी शिकले. सराव करायला चेहरा हवा, तर कुणी देईना. शेवटी मी आमच्या तलैयाट्टी बोम्मैला धरलं. ही तंजावूरची मान डोलवणारी बाहुली. कागदाच्या लगद्याची असते, बोट लावलं की डोकं एकीकडे, कंबर दुसरीकडे हलते. तिच्या गालांना मी हाडं काढली, ओठांना कडा काढल्या, आणि विचारलं, "कसं झालं?" तिने मान डोलवली. मी सगळं पुसून दुसरं काही काढलं. तिने परत मान डोलवली.

"तुज हो म्हणणारं एवढं एकच माणूस ह्या घरात आहे," अक्का म्हणाली, "आणि ते लगद्याचं आहे, डी."

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही तंजावूरचे मराठी, आमच्या बोलीत 'तुला-मला'चं 'तुज-मज' होतं आणि 'गं'चं तमिळ 'डी'. जीभ अशी, की कांदा चिरायला विळी लागू नये.

बाहुलीनंतर मी अप्पांकडे वळले. अप्पा शाळेत इतिहास शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या समोरच्या खोलीत शिकवणी घ्यायचे. दुपारी तिथेच आरामखुर्चीत झोपायचे, तोंड वर करून, म्हणजे मेकअपला अगदी सोयीचं. एका दुपारी मी टकल्याच्या पद्धतीने त्यांच्या गालांच्या हाडाखाली तपकिरी छाया दिली. हाडं अशी वर आली, की अप्पा एखाद्या बुडालेल्या घराण्यातले राजपुत्र दिसू लागले. मी पुसणार तेवढ्यात शिकवणीची पोरं आली, अप्पा उठले आणि तसेच शिकवायला बसले. तासभर एक पोर तोंडातून शब्द काढेना. अप्पा आत येऊन आईला म्हणाले, "आज वर्गात शिस्त फार छान होती." मग हात-तोंड धुवायला आरशासमोर गेले.

त्यानंतर आठवडाभर शाळेत अप्पा वळले की मागे खसखस पिकायची. तेव्हापासून माझा आणि अप्पांचा त्या समोरच्या खोलीवरून खटला सुरू झाला.

कारण मला ती खोली हवी होती. रस्त्याकडे दार, मोठी खिडकी, सकाळचं ऊन. तिथे मी ब्यूटी पार्लर घालणार होते. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, भिंतीवर माझ्या तीन गुरूंचे फोटो. आणि अप्पांना वाटत होतं, मी बँकेच्या परीक्षेला बसावं.

"पार्लर हे काय काम आहे?" ते म्हणायचे. "लोकांच्या तोंडाला रंग फासायचा."

"अप्पा, तुम्ही मेलेल्या राजांचं सांगता. मी जित्या माणसांचं करते."

"मेलेले राजे हसत नाहीत," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात अक्काचं लग्न ठरलं. नवरा मुलगा मद्रासला नोकरीला, पण घर पुण्याचं. आमच्या घराण्यात इतक्या वर्षांत पुण्याची सोयरीक ही पहिलीच. आईला ब्रह्मानंद झाला. आणि मी संधी साधली. जेवणाच्या वेळी, अप्पांच्या तोंडात घास असताना, मी जाहीर केलं, की अक्काचा मेकअप मी करणार.

अक्का म्हणाली, "मज साधी पाउडर पुरे. मज माझ्याच नवऱ्याने ओळखलं पाहिजे."

अप्पांनी घास गिळला. विचार केला. मग म्हणाले, "कर. तुझ्या मेकअपला लग्नात कुणीही हसलं नाही, तर समोरची खोली तुझी. एक माणूस जरी हसला, तर दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. कबूल?"

"कबूल!" मी ओरडले. बाहुली कपाटावर होती. पंख्याच्या वाऱ्याने तिनेही मान डोलवली. हा मी साक्षीपुरावा धरला.

*

पुण्याची मंडळी लग्नाच्या दोन दिवस आधी आली, आणि त्यांच्यात होती नवऱ्या मुलाची आत्या. गोरी, उंच, दांडगी, आवाज असा की बृहदीश्वराच्या देवळातला नंदी कान टवकारील. शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचं राज्य इथे होतं, म्हणून इथल्या मराठी घरांत सगळं जुनं, अस्सल, लोणच्यासारखं मुरलेलं सापडणार अशी तिची खात्री होती. येताना ती एक व्हिडिओवाला भाड्याने ठरवून आली होती.

दाराशी केळीचे खांब बांधलेले पाहून तिने हात जोडले. "अगंबाई, केवढी जुनी रीत! आमच्याकडे गेलीच हो ही!"

"नाही, आत्याबाई," अप्पा म्हणाले, "ही इथली तमिळ पद्धत. गल्लीतल्या सगळ्यांच्या दाराशी असते."

केळीच्या पानावर भाताच्या बाजूला डाव्या हाताला मीठ वाढलेलं पाहून ती व्हिडिओवाल्याला म्हणाली, "हे घे, हे घे!"

"हे सगळीकडेच वाढतात," अप्पा म्हणाले.

माझ्या चुलतभावाने बादलीतून सांबार वाढलं, तर बादलीसुद्धा तिला राजवाड्यातली वाटली. अप्पांनी सांगितलं, बादली बाजारातली आहे, आणि दुकानही दाखवायला तयार झाले. मी मागे उभी राहून डोक्याला हात लावत होते. बाई बिचारी कौतुक करायला आली होती, आणि अप्पा दर कौतुकाला तळटीप जोडत होते. इतिहासात खोटं एक अक्षर अप्पांना खपत नसे. चुकीची सनावळ ऐकली की त्यांचं पोट बिघडायचं.

मग आली हळद. आमच्याकडे बायका मंजळ, म्हणजे हळकुंड, उगाळून नवरीला लावतात, तोंडाला, पायांना, नलंगु म्हणून गाणी म्हणत. पुण्याच्या आत्येने मुलाची उष्टी हळद आणली होती. आता लावायची कुणाची? दोन्ही बाजू अतिशय नम्र होत्या, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लावली. आत्येने एक थर दिला की आमच्याकडची कुणी तरी "आमचंही राहायला नको" म्हणून दुसरा द्यायची. शेवटी अक्का इतकी पिवळी झाली, की तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं असतं तर दिव्याचं बिल वाचलं असतं. केसांच्या मुळात हळद, कानांच्या मागे हळद, आणि भुवयांत तर अशी बसली होती, की लागवड केली असावी.

"अंग धुतलं तरी जायची नाही," अक्का म्हणाली.

"नको जाऊ दे," मी म्हणाले, "वर माझा रंग आहे ना!"

*

लग्नाच्या सकाळी माझं पहिलं काम होतं आलमचं पाणी करायचं. नवरा दाराशी आला की ताटातलं लाल पाणी त्याच्यावरून ओवाळून टाकतात, दृष्ट लागू नये म्हणून. हे पाणी कसं करतात? हळद पाण्यात कालवायची आणि त्यात पानाला लावायचा चुना चिमूटभर घालायचा. पिवळं पाणी डोळ्यांदेखत लालभडक होतं. हे गल्लीतल्या कुठल्याही लग्नात मीच करायची. माझ्या हातचं आलम इतकं लाल, की लोक हाताला लावून बघायचे. हळदीला चुना, सोडा, साबण, असलं काही लागलं की ती लाल होते, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. हळदीचा डाग साबणाने धुवायला गेलं की लाल होतो, हे तर तुम्हालाही माहीत असेल.

तर त्या दिवशी पहाटे मी माझ्या ह्या हातांनी हळदीत चुना घातला, पाणी लाल केलं, सगळ्यांकडून शाबासकी घेतली, हात पुसले, आणि अक्काचा मेकअप करायला गेले.

समोरची खोली त्या दिवशी नवरीची खोली होती. दाराला कडी. टकल्याच्या शिकवणीप्रमाणे मी कातडी कातडीसारखी ठेवली. म्हणजे हळदीवर हळदीच्याच रंगाचा पॅनकेक, मेकअपचा घट्ट लेप. लंडनच्या बाईच्या पद्धतीने ओठांना बोटांनी रंग लावला. अक्का आरशात बघून म्हणाली, "बरी दिसतें, डी." माझ्या बहिणीच्या तोंडून आजवर निघालेली ती सर्वांत मोठी स्तुती. शहाणी मुलगी तिथेच थांबली असती आणि आज तुम्ही दुसरं काही वाचत असता.

पण शेंडीवाला राहिला होता ना! मी साबण शोधला. अंगाचा साबण पाहुण्यांनी संपवलेला, म्हणून विहिरीजवळची कपड्यांच्या साबणाची वडी आणली. पॅरिसला तरी काय, साबणच. समोर मासिक उघडून ठेवलं, त्यातल्या फोटोतल्या मुलीवर नजर लावली, आणि अक्काची डावी भुवई चापली. मग उजवी. भुवईपासून कानशिलापर्यंत, चांगला जाड, उदार हाताने. सगळा वेळ माझं लक्ष अक्काच्या चेहऱ्याकडे नव्हतंच, मासिकातल्या चेहऱ्याकडे होतं. केवढी सुरेख मुलगी होती हो ती.

"काय केलंस?" अक्का म्हणाली. आवाज अगदी हळू होता. अक्का हळू बोलली की घरातली भांडीसुद्धा हलायची थांबतात.

मी वर पाहिलं. अक्काच्या कपाळावर दोन लाल पट्टे होते. लाल म्हणजे कसे, तर माझ्या आलमसारखे. कुणी देवळाच्या भिंतीसाठी गेरू कालवावा आणि राहिलेला नवरीला फासावा तसे.

"मज सांग, हे पॅरिसचं आहे," अक्का म्हणाली.

"अर्धं पॅरिसचं," मी म्हणाले. "अर्धं हळदीचं."

पुसलं तर पसरलं. पाणी लावलं तर साबणाला फेस आला आणि रंग आणखी खुलला. बाहेर नादस्वरवाला फुंकर मारून बघत होता. आणि मला माझं भविष्य दिसू लागलं. मांडवात पहिला हशा, दुसरा हशा, आणि मग मी बँकेच्या काउंटरमागे, शिक्का मारतेय, आयुष्यभर शिक्का मारतेय. मग आठवलं, लिंबू! चुन्याने लाल झालेली हळद आंबटाने परत पिवळी होते. पाहुण्यांच्या हातात द्यायची लिंबं परातीत होतीच. मी एक चावून फोडलं आणि डाव्या भुवईवर पिळलं.

भुवई पिवळी झाली, एकदम शेवंतीच्या फुलासारखी. आणि बाकीचं लिंबू अक्काच्या डोळ्यात गेलं.

"अय्यो! मेलें! डोळा गेला माझा! कडी काढ! आई!"

"ओरडू नको, काजळ जाईल!"

"काजळ? मी जातें, आणि तुज काजळाचं पडलंय?"

ती एका हाताने डोळा धरून, दुसऱ्या हाताने मला धपाटे घालत होती. मी अर्धं लिंबू घेऊन उजव्या भुवईवर नेम धरत होते. आणि त्याच क्षणी कडी घालायची राहिलेल्या दुसऱ्या दारातून पुण्याची आत्या आत आली. तिच्या मागे व्हिडिओवाला. त्याच्या हातात तो दिवा, ज्याच्या उजेडात मुंगीलासुद्धा स्वतःची सावली दिसावी.

दिवा लागला. अक्का. एक डोळा मिटलेला, एक उघडा. डावी भुवई पिवळी, उजवी लाल. गालांवरून दोन आसवं.

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "हे काय?"

माणूस बुडताना हात कुठे जाईल सांगता येत नाही. माझी जीभ तशी गेली. मी ताठ उभी राहिले, पदर खांद्यावरून घेतला, आणि राजवाड्याच्या दिशेने किंचित मान झुकवून म्हणाले, "आत्याबाई, ही आमची रीत. डावी भुवई हळदीची, उजवी कुंकवाची. डावी माहेरची, उजवी सासरची."

खोलीत सगळं थांबलं. पंखासुद्धा, कारण तेवढ्यात वीज गेली. व्हिडिओच्या दिव्याला बॅटरी होती, तो मात्र आमच्यावर तसाच.

"आणि डोळा का मिटलाय?" आत्येने हळूच विचारलं.

"माहेरासाठी पाणी काढतो," मी म्हणाले. "सासरचा डोळा उघडा ठेवायचा."

आत्येचे दोन्ही डोळे भरून आले. "हो गं बाई," ती म्हणाली, "असंच असतं. अगदी असंच असतं." तिने अक्काच्या हनुवटीला हात लावून बोटं स्वतःच्या ओठांना लावली आणि ती बाहेर धावली. अर्ध्या मिनिटात मांडवभर तिचा आवाज ऐकू आला. "अहो, ऐका तरी! भुवया! डावी हळदीची!"

मी अक्काकडे वळले. "आता पुसून टाकू?"

अक्काने आरशात पाहिलं. एका डोळ्याने, कारण दुसरा अजून माहेरासाठी पाणी काढत होता. बराच वेळ पाहिलं. मग माळ नीट केली आणि उठली.

"आता पुसलं तर मज काय म्हणतील? सासर पुसलं की माहेर?" ती म्हणाली. "चल. पण लक्षात ठेव, ही रीत तूच सांगितलीस."

*

मांडवात काय झालं ते मी शपथेवर सांगते. शपथ नको म्हणाल तर नुसतंच सांगते. अक्का बाहेर आली आणि सगळा मांडव बघत राहिला. मी खांबाआड उभी राहून तोंडांवर तोंडं तपासत होते. कुठे ओठ हलतोय, कुठे पदर तोंडाशी जातोय. कुणी हसलं की माझी खोली गेली.

अप्पांचे तमिळ सहकारी मास्तर पुढच्या रांगेत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलवली. मराठा लोकांची रीत असेल, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. पुण्याच्या मंडळींना आत्येने आधीच सांगून ठेवलेलं, तंजावूरची रीत. त्यांनीही मान डोलवली. दोन्ही बाजूंनी माझ्या बाहुल्या बसल्या होत्या.

राहिले आमचे. गल्लीतली मराठी घरं. त्यांना ठाऊक होतं की अशी रीत नाही. पण खरंच ठाऊक होतं का? आमची घरं इतक्या वर्षांत अशी विखुरली, की ह्या घरचा कुळाचार त्या घरी नाही. कोण म्हणेल, आम्हाला माहीत नाही? सगळ्यांनी पापनाशमहून बसने आलेल्या आमच्या थोरल्या आजीकडे पाहिलं. रीतीभातींच्या बाबतीत ही बाई म्हणजे हायकोर्ट. तिने चष्मा वर केला. अक्काची डावी भुवई पाहिली. उजवी पाहिली.

"आमच्या घरीपण होती," आजी म्हणाली. "माझ्या सासूने सोडली. आळशी बाई होती."

त्यानंतर मला वाटतं दोन-तीन घरांना आपल्याकडेही ती असल्याचं आठवलं.

मी खांबाला टेकून श्वास सोडला. आणि तेवढ्यात पुण्याची आत्या थेट अप्पांकडे गेली. व्हिडिओवाला मागे. दिवा अप्पांच्या तोंडावर.

"व्याहीबुवा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. हे जरा सांगा ना ह्यात. ही भुवयांची रीत, तुमच्या वाचनात कुठे आली आहे?"

मी डोळे मिटले. केळीचे खांब ह्या माणसाने माफ केले नव्हते, मीठ माफ केलं नव्हतं, बादलीसुद्धा माफ केली नव्हती. अप्पांनी मंडपातल्या अक्काकडे पाहिलं. ती लाल-पिवळ्या भुवया उंच करून त्यांच्याकडेच पाहत होती. मग त्यांनी खांबाकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे.

"नाही," अप्पा म्हणाले. "वाचनात कुठेच नाही."

आत्येचा चेहरा उतरला.

"पण आमच्या घरात आहे," अप्पा म्हणाले.

"अय्या! आणि किती जुनी असेल?"

अप्पांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. अगदी गंभीरपणे पाहिलं. "आता नेमकं सांगणं कठीण आहे," ते म्हणाले.

आणि मग, "जरा आचाऱ्याकडे बघून येतो," असं म्हणून ते मागच्या दारी गेले. मी धावतच मागे गेले. अप्पा विहिरीच्या काठाला धरून वाकले होते. मला वाटलं, पोट बिघडलं, खोटं बोलण्याने. जवळ गेले तर ते हसत होते. असे हसत होते, की धोतराचा सोगा तोंडात कोंबूनही हसू कानांतून बाहेर येत होतं. डोळ्यांतून पाणी, खोकला, परत हसू. मी त्यांना उभ्या आयुष्यात तसं हसताना पाहिलं नव्हतं. इतिहासात तशी जागाच कुठे असते?

मग मला आठवलं.

"अप्पा," मी म्हणाले, "हसलात. एक माणूस हसला. म्हणजे खोली..."

अप्पांनी सोग्याने डोळे पुसले. श्वास लागला होता. "घरचा माणूस धरायचा नाही," ते म्हणाले. "पण साबण कुठला वापरलास ते सांग. नाही तर त्याच साबणाने तुझी आई माझं हळदीचं धोतर धुवायची." आणि परत विहिरीवर वाकले.

समोरची खोली मला मिळाली. शिकवणी मागच्या ओसरीत गेली आणि मेलेले राजे गाईच्या शेजारी नांदू लागले. मी फिरती खुर्ची आणली, आरसा लावला, तीन गुरूंचे फोटो लावले. त्यांतला शेंडीवाला मी खाली लावला, कोपऱ्यात, शिक्षा म्हणून. पुण्याहून आत्येचं पत्र आलं, तिच्या भाचीच्या लग्नात ते हळदी-कुंकवाच्या भुवयांचं करायला याल का? मी कळवलं, की ही रीत तंजावूरच्या पाण्यावरच वठते. अप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे मात्र खरं आहे. पाणी फार जड आहे इथलं."

पुढे माझं लग्न ठरलं. माझा मेकअप कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. पार्लर माझं, खुर्ची माझी, हात माझे. लग्नाच्या सकाळी मी आरशासमोर बसले, आणि मद्रासहून आलेली अक्का आत आली. तिने दाराला कडी घातली. दुसऱ्या दारालासुद्धा घातली. पिशवीतून कपड्यांच्या साबणाची वडी काढली, एक लिंबू काढलं, आणि माझी हनुवटी घट्ट धरली.

"अक्का, मज नको! अक्का, डोळा!"

"हलू नको," अक्का म्हणाली. "रीत आहे."